एकवीस हजारांची पायरी: बेळगाव-शहापुरातल्या एका घराच्या सामाजिक सुरक्षेचं प्रकरण

जुलै २०२४ची पगाराची स्लिप. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६००, घरभाडं व प्रवासभत्ता ६,०००, एकूण २१,६००. वर ओव्हरटाइमचे ८००. ऑक्टोबरच्या स्लिपवर ‘ई.एस.आय.’ (कामगार राज्य विमा: पगारातून वर्गणी, कामगाराला आणि घरच्यांना उपचार) ह्या रकान्यात शून्य. उद्यमबागेतल्या मशिन शॉपमध्ये व्ही.एम.सी. (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र) चालवणाऱ्या ४१ वर्षांच्या थोरल्या मुलाने त्या शून्याचा सरळ अर्थ लावला: कटिंग बंद, म्हणजे विम्याचं कार्ड बंद. नोव्हेंबरात आई न्हाणीघरात घसरली, खुब्यात हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि १,८५,००० रुपयांचं बिल घराने घरच्या घरी उभं केलं. त्या दिवशी कार्ड चालू होतं. ते ३० जून २०२५पर्यंत चालू राहणार होतं.

घर नमुन्यादाखल बांधलेलं आहे. पगार, वयं, बिलाची रक्कम अशी घेतली आहे की उद्यमबाग, मच्छे, अनगोळ, वडगाव ह्या पट्ट्यातल्या कुणालाही आपल्या गल्लीतलं घर वाटावं. नियम, दर आणि मुदती मात्र खऱ्या आहेत. वेगळं वर्ष दिलेलं नसेल तिथे २०२४-२५च्या आहेत.

घर आणि मिळकत

आठ माणसं. आई ६६ वर्षांची, विधवा. थोरला ४१, थोरली सून ३७, त्यांना १५ आणि ९ वर्षांची दोन मुलं. धाकटा ३५, वडगावात इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. धाकटी सून ३०, एका पतसंस्थेत क्लार्क. त्यांना चार वर्षांची मुलगी.

महिन्याला थोरल्याचे २२,४०० (ओव्हरटाइमसह), थोरल्या सुनेचे शिवणकामातून ३,५००, दुकानातून सरासरी २४,०००, धाकट्या सुनेचे ११,०००, आईची विधवा पेन्शन १,३०० आणि तिच्याच नावावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,०००. बेरीज ६४,२००. डोई आठ हजार. घर स्वतःचं, रेशनकार्ड ए.पी.एल., दारात दोन दुचाक्या. कर्नाटकात बी.पी.एल. कार्डासाठी वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत लागतं. त्या हिशेबात हे घर कुठेच बसत नाही, आणि पाच लाखांचा आरोग्यविमा विचार न करता दरसाल भरावा इतकं सुखवस्तूही नाही. नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१मध्ये ह्याच थराबद्दल अहवाल काढला होता. देशातली किमान ३० टक्के माणसं, म्हणजे सुमारे ४० कोटी, कुठल्याच आरोग्य संरक्षणाखाली नाहीत, असं त्यात म्हटलं होतं.

पण ‘काहीच नाही’ हे ह्या घराचं दुखणं नाही. कागदावर मोजलं तर घरावर एका वेळी सहा-सात योजनांची सावली पडते. एक पगाराच्या आकड्याला बांधलेली, दुसरी रेशनकार्डावरच्या पहिल्या नावाला, तिसरी बँक खात्यातल्या शिलकेला, चौथी संस्थेच्या सभासदत्वाला. ह्यातली एक सुटली की दुसरी आपोआप पुढे येत नाही, आणि सुटल्याचं कुणी कळवतही नाही.

शून्याचा खरा अर्थ

ई.एस.आय.ची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७पासून २१,००० आहे. जुलै २०१९पासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५. पगारवाढीआधी थोरल्याला २०,४०० होते, म्हणजे त्याचे १५३ कापले जात आणि मालक ६६३ भरत असे. १,२०० रुपयांच्या वाढीने तो मर्यादेपलीकडे गेला.

इथे दोन गोष्टी बघायच्या असतात, आणि दोन्ही राहून जातात.

पहिली ओव्हरटाइमची. वर्गणी कापताना ओव्हरटाइम धरतात. माणूस २१,०००च्या आत आहे की बाहेर हे ठरवताना धरत नाहीत. कुणाचा पगार २०,६०० आणि ओव्हरटाइम १,८०० असेल, तर तो मर्यादेतच आहे. छोट्या कारखान्यांत अकाउंटचं काम बाहेरून करून घेतात, तिथे एकूण रक्कम बघून नाव काढून टाकलं असं होतं. आपल्या प्रकरणात ओव्हरटाइम वजा करूनही २१,६०० उरतात, त्यामुळे बाहेर जाणं बरोबरच होतं.

दुसरी मुदतीची. वर्गणीचे दोन कालखंड आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंडाच्या मध्येच पगार वाढला तरी त्या कालखंडाच्या अखेरपर्यंत वर्गणी चालूच राहते. म्हणून जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरला कटिंग झालं आणि ऑक्टोबरला थांबलं. लाभाचा कालखंड मात्र मागून येतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढचे जुलै ते डिसेंबर, एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचे जानेवारी ते जून. नोव्हेंबर २०२४ला थोरला मागच्या हिवाळ्याच्या वर्गणीवर लाभात होता, आणि जानेवारी ते जून २०२५ला एप्रिल-सप्टेंबर २०२४च्या वर्गणीवर राहणार होता. कटिंग थांबल्यावर पूर्ण नऊ महिने.

आजारपणाच्या रोख भत्त्यालाही हेच कालखंड लागतात. वर्गणीच्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर लाभाच्या काळात पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. थोरल्याचे ७८ दिवस कधीच भरले होते. त्या नऊ महिन्यांत तो स्वतः आजारी पडून घरी बसला असता, तर त्याला हेही मागता आलं असतं.

नोव्हेंबर

आई पडली संध्याकाळी. पाय उचलेना. रिक्षाने जवळच्या खासगी दवाखान्यात, एक्स-रे, ‘उद्या सकाळी ऑपरेशन, आत्ता पन्नास हजार भरा’. रात्री नऊला कुठली योजना लागते हे कुणी बसून बघत नाही, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही.

१,८५,००० असे जमले: बँकेतली शिल्लक ४०,०००, थोरल्या सुनेच्या पाटल्या ठेवून ४५,०००, पंधरा बायकांच्या दोन-दोन हजारांच्या भिशीत मैत्रिणीशी नंबर बदलून ३०,०००, धाकट्या सुनेच्या पतसंस्थेतून ७०,००० कर्ज. कर्ज १४ टक्क्यांनी २४ महिन्यांचं धरलं तर हप्ता ३,३६१ रुपये येतो. पगारवाढ होती १,२००ची.

कुठून काय मिळालं असतं, ते क्रमाने पाहू.

ई.एस.आय.मधून आईवर उपचार होऊ शकत होता. विमाधारकाच्या कुटुंबात बायको-मुलांबरोबर अवलंबून असलेले आईवडील येतात. त्यांचं सगळं मिळून मासिक उत्पन्न ९,०००च्या आत असावं लागतं. आईचे १,३०० आणि २,००० मिळून ३,३०० होतात. बेळगावात ई.एस.आय.चा दवाखाना आणि रुग्णालय दोन्ही आहेत. तिथे जे होत नाही त्यासाठी करार केलेल्या, म्हणजे टाय-अप, रुग्णालयात पाठवणी मिळते. तातडीच्या वेळी करार नसलेल्या ठिकाणी उपचार झाला, तर सी.जी.एच.एस., म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, दरांच्या मर्यादेत खर्च परत मागता येतो. म्हणजे १,८५,००० सगळे नव्हेत, पण बराच भाग. अडचण अशी की ई-पहचान कार्डावर बायको आणि थोरला मुलगा एवढीच नावं होती. नऊ वर्षांची धाकटी मुलगीही नव्हती. नोकरी लागताना फॉर्म भरला तो भरला.

आरोग्य कर्नाटक योजनेत बी.पी.एल. घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत पूर्ण खर्च मिळतो. ए.पी.एल. घराला पॅकेज दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. पॅकेज ६०,०००चं असेल तर सरकारचे १८,०००, उरलेले ४२,००० आपले. शिवाय तातडीची बाब सोडली तर सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. बेळगावकरांसाठी ती सिव्हिलमधली. बहुतेक ए.पी.एल. घरांना हे ३० टक्केसुद्धा आपल्याला आहेत हे माहीत नसतं. दवाखान्याच्या खिडकीवर ‘कार्ड कुठलं? ए.पी.एल.? मग नाही’ असं ऐकून ती परततात. तिथे आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठून ‘तीस टक्क्यांत बसतं का’ असं विचारावं. नुसतं ‘योजना आहे का’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं.

यशस्विनी ही कर्नाटकातल्या सहकारी संस्थांच्या सभासदांची आरोग्य योजना. २००३ला सुरू झाली, २०१८ला बंद पडली, २०२२-२३मध्ये पुन्हा आली. शहरी संस्थेच्या सभासदाला चार जणांच्या कुटुंबासाठी वर्षाला १,००० रुपये, पुढच्या प्रत्येकाला २००. ग्रामीण भागात ५०० आणि १००. मर्यादा कुटुंबाला पाच लाख, यादीतल्याच उपचारांसाठी, जोडलेल्या रुग्णालयांत रोख न भरता. धाकटी सून स्वतः पतसंस्थेत बसते, इतरांच्या पावत्या फाडते, आणि तिच्या घराची नोंदणी नाही. कारण नोंदणी वर्षभर उघडी नसते. वर्षातून ठरावीक महिन्यांत खिडकी उघडते आणि बंद होते. त्या मुदतीत पैसे भरले नाहीत की वर्ष गेलं. खानापूर, चिक्कोडी, हुक्केरी भागात दूध संघाचे सचिव आणि पीकेपीएसचे, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थांचे, क्लार्क सभासदांच्या मागे लागून नोंदणी करून घेतात, म्हणून खेड्यातलं घर यशस्विनीत असण्याची शक्यता शहरातल्या घरापेक्षा जास्त असते.

शांताबाई, शांतव्वा, शांता

आईचं नाव ह्या प्रकरणापुरतं शांताबाई धरू. आधारवर शांताबाई. रेशनकार्डावर, जे कन्नडमध्ये छापलेलं, ‘शांतव्वा’. वडिलांच्या पेन्शनच्या कागदात ‘शांता’, पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव नाही. तीन कागद, तीन बायका.

सीमाभागातल्या मराठी घराची ही नेहमीची गोष्ट. नोंद घेणारा कन्नड लिहितो, ऐकतो मराठी, टाइप करतो इंग्रजी अक्षरात. ‘बाई’चं ‘अव्वा’ होतं, ‘ळ’चा ‘ल’ होतो, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं. चालू व्यवहारात कुणाला फरक पडत नाही. पडतो तो संगणकाने दोन नावं जुळवून पाहिली की. ई.एस.आय.मध्ये आईचं नाव घालायला गेलं, तर आधारशी जुळत नाही म्हणून अर्ज अडतो; पी.एफ.मध्ये नॉमिनी घालताना तेच; गृहलक्ष्मीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात, तिथेही तेच.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आधार बरोबर करायचं, कारण बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघतात. आधारवरचं नाव ज्या स्पेलिंगने आहे, तेच स्पेलिंग धरून मग रेशनकार्ड, मग बँक, मग पेन्शन. उलट्या क्रमाने गेलं की एकच काम दोनदा होतं. बेळगाव वन ह्या सरकारी सेवा केंद्राच्या खिडकीवर जाताना प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि कन्नडमधल्या कागदाखाली मराठी-इंग्रजीत पेन्सिलने लिहिलेलं नाव न्यावं. खिडकीतल्या माणसालाही त्याने सोपं जातं.

पेन्शनीचंही एक आहे. वडिलांची ई.पी.एस., म्हणजे पी.एफ.बरोबरची कामगार पेन्शन, २,६०० होती, विधवेला निम्मी. किमान पेन्शन १,०००. हयातीचा दाखला दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो आणि कुठल्याही महिन्यात देता येतो. ह्या घराने तो नोव्हेंबरात द्यायची सवय लावून घेतलेली, आणि त्या नोव्हेंबरात आई पलंगावर. डिसेंबरात पेन्शन आली नाही. दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरी बसून देता येतो, पण ते जानेवारीत कळलं.

पी.एफ.

थोरल्याचा पी.एफ. १५,०००च्या मर्यादेवर कापला जातो: त्याचे १,८००, मालकाचे १,८००. मालकाच्या वाट्यातले १,२५० पेन्शन खात्यात, ५५० पी.एफ.मध्ये. ह्यातून तीन गोष्टी मिळतात आणि घराला त्यातली एकच माहीत आहे.

माहीत आहे ती शिल्लक. दुसरी पेन्शन. ऑक्टोबर २०१४ ते सप्टेंबर २०१८ तो दुसऱ्या कारखान्यात होता. सोडताना सगळ्यांनी काढले म्हणून त्यानेही पी.एफ. आणि १०-सी हा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढले. आता नोकरी ऑक्टोबर २०१८पासून मोजली जाते. ५८व्या वर्षी, २०४१ला, २३ वर्षं होतील. २० वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षं वाढवून धरतात. १५,००० गुणिले २५ भागिले ७०, म्हणजे ५,३५७ रुपये महिना. ती चार वर्षं ठेवली असती, तर २९ वर्षांचे ६,२१४. दरमहा ८५७चा फरक, जन्मभर. नोकरी बदलताना १०-सी भरायचा तो पैसे काढायला नव्हे, सेवा पुढे न्यायला. फॉर्म तोच, खूण वेगळ्या चौकटीत.

तिसरी गोष्ट ई.डी.एल.आय. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर घरच्यांना विमा मिळतो. १५,०००च्या मर्यादेत शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराच्या ३५ पट, म्हणजे ५,२५,०००, अधिक पी.एफ. शिलकेच्या सरासरीचा निम्मा, जास्तीत जास्त १,७५,०००. एकूण कमाल सात लाख. कामगाराच्या पगारातून ह्यासाठी एक रुपया जात नाही. अर्धा टक्का मालक भरतो. आता थोरल्याच्या यू.ए.एन., म्हणजे पी.एफ.च्या ऑनलाइन, खात्यात ई-नॉमिनेशन अर्धवट आहे. नावं, आधार, फोटो सगळं भरलं, पण शेवटी आधारच्या ओ.टी.पी.ने ई-साइन करायचं राहिलं. ई-साइन झालं नाही तर नॉमिनेशन झालंच नाही असं धरतात. ही चूक फार आढळते, कारण ‘सेव्ह’ दाबल्यावर नावं पडद्यावर दिसतात आणि माणसाला काम झालं असं वाटतं.

ग्रॅच्युइटीचं बोलायचं तर १५,६०० गुणिले १५ भागिले २६, वर्षाला ९,०००. सहा वर्षांचे ५४,०००. ती आत्ता हाती येणार नाही, नोकरी सुटल्यावरच. मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट नाही. कर्नाटकाने १० जानेवारी २०२४ला नियम काढून मालकांना ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा केला आहे. तो काढलाय का, हे विचारायला हरकत नाही.

३० जूननंतर

ई.एस.आय. सुटल्यावर सगळ्यात मोठी पोकळी अपघाताची पडते. यंत्रावर हात गेला तर वर्गणी चालू होती तोवर ई.एस.आय. पगाराच्या ९० टक्के देत असे. आता ती जबाबदारी थेट मालकावर येते, कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने. हिशेब असा: कामावर मृत्यू झाल्यास मासिक पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक; पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. वय पूर्ण ४० असेल तर गुणक १८४.१७. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, बरोबर १३,८१,२७५ रुपये. ही रक्कम छोट्या कारखान्याच्या मालकाच्या खिशातून निघणं अवघड, म्हणून त्याने ह्याच भरपाईचा विमा, म्हणजे ‘डब्ल्यू.सी. पॉलिसी’, घेतलेली असावी लागते. २६ कामगारांच्या शॉपमध्ये सगळे ई.एस.आय.खाली असतात तोवर ती कुणी काढत नाही. पहिला माणूस मर्यादेबाहेर गेला की काढायला हवी. थोरल्याने मालकाला विचारण्याचा हा पहिला प्रश्न, आरोग्यविमा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाला धार देणारा आकडाही आहे. मालक थोरल्यापायी वर्षाला ६६३ गुणिले १२, म्हणजे ७,९५६ रुपये ई.एस.आय.ला भरत होता. ते वाचले. २१,०००च्या वर गेलेल्या सगळ्यांनी मिळून ‘ती रक्कम गट विम्यात घाला’ असं मागणं हे भीक मागणं नव्हे.

स्वतः विमा घ्यायचा तर आईला वेगळी पॉलिसी आणि थोरला, बायको, दोन मुलं अशा चौघांना मिळून एक फ्लोटर, म्हणजे सगळ्यांत एकच विमा रक्कम. पाचही जण एका फ्लोटरमध्ये घातले की हप्ता सगळ्यात वयस्क माणसाच्या वयावर ठरतो. आईचा खुबा आणि रक्तदाब आधीचे आजार धरले जातील. १ एप्रिल २०२४पासून त्यांची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. आजार लपवून घेतलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी कागद ठरते. खोलीभाड्याची मर्यादा आधी वाचावी: मर्यादा ५,००० आणि खोली घेतली ८,०००ची, तर फक्त ३,००० आपल्या अंगावर येतात असं नाही. औषधं, इम्प्लांट सोडून बाकी बिल पाच अष्टमांशच मंजूर होतं, १,६०,०००चे १,००,०००. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जी.एस.टी. शून्य झाला, एवढी एक गोष्ट ह्या थराच्या बाजूने घडली.

आणखी एक वाट. २१ नोव्हेंबर २०२५ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात ‘वेतन’ मोजताना घरभाडं, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम धरत नाहीत. मात्र वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर जास्तीचा भाग परत वेतनात येतो. थोरल्याचं ह्या मोजमापाने वेतन १५,६०० पडतं, २१,०००च्या बरंच खाली. तेव्हा आपण पुन्हा ई.एस.आय.त बसतो का, हे त्याने अकाउंटंटकडून लेखी घ्यावं. तोंडी उत्तरावर राहू नये. मागच्या वेळी शून्याचा अर्थ कुणाला न विचारता लावला, त्यानेच घात केला.

दुकान आणि पतसंस्था

धाकट्याला पी.एफ. नाही, ई.एस.आय. नाही. त्याच्या बायकोच्या पतसंस्थेत ५०पेक्षा कमी माणसं आणि विजेवर चालणारं उत्पादन नाही. अशा सहकारी संस्थांना पी.एफ. कायद्याच्या कलम १६मधून सूट आहे. त्यामुळे रोज ‘बचत करा’ सांगणाऱ्या क्लार्कच्या स्वतःच्या म्हातारपणासाठी काही साचत नाही.

दोघांना अटल पेन्शन घेता येईल. १ ऑक्टोबर २०२२पासून आयकर भरणाऱ्यांना ती बंद आहे. धाकटा कर्जासाठी विवरणपत्र भरतो, पण त्याचा कर शून्य आहे. विवरणपत्र भरणं आणि कर भरणं ह्यात फरक आहे, तो बँकेत समजावून सांगावा लागतो. ५,००० पेन्शनसाठी पस्तिशीत ९०२ आणि तिशीत ५७७, मिळून १,४७९ महिना. ४०नंतर दार बंद. ६ टक्के महागाई धरली तर २५ वर्षांनंतरच्या ५,०००ची किंमत आजच्या सुमारे १,१६५ रुपयांएवढी, हेही लक्षात असू द्यावं. थोरल्या सुनेला, तिचं शिवणकाम १५,०००च्या आत असल्याने, श्रमयोगी मानधन बरी: ३७व्या वर्षी महिना १७०, तेवढेच सरकारचे, साठीनंतर ३,०००.

गृहलक्ष्मीबाबत घरात कुजबुज चालू आहे: रेशनकार्ड विभक्त केलं तर दोन्ही सुनांना दोन-दोन हजार. तसं होणार नाही. कार्डावरची कर्ती बाई किंवा तिचा नवरा आयकर वा जी.एस.टी. भरणारा असेल तर पैसे मिळत नाहीत. आज कर्ती आई आहे, मुलाच्या जी.एस.टी.चा तिच्याशी संबंध नाही, म्हणून चालू आहे. वेगळं कार्ड झालं की धाकट्या सुनेला नवऱ्याचा जी.एस.टी. आडवा येईल.

सीमेपलीकडची योजना

महाराष्ट्राने २०२३मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकाने विरोध केला, आणि जानेवारी २०२४मध्ये बेळगावातली नोंदणी केंद्रं प्रशासनाने बंद केली. ह्यामागच्या राजकारणात इथे शिरायचं कारण नाही. घराच्या दृष्टीने ती आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी, गडहिंग्लज-कोल्हापूरकडे नातेवाइकांचा आसरा असेल तर, चौकशी करण्याजोगी दुसरी वाट आहे. न्हाणीत पडलेल्या आईसाठी रात्री नऊला तिचा उपयोग नाही. ह्या भागातली बरीच घरं ‘महाराष्ट्राचं होईल’ म्हणून ३० टक्क्यांची चिठ्ठी घ्यायला सिव्हिलला जात नाहीत, हे मात्र चूक आहे.

पासबुक

शेवटी थोरल्याचं जुनं पासबुक. कारखान्याने पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत नेल्यापासून ह्यात कुणी पैसे भरत नाही. २७ मे २०२४ला शिल्लक ३३२. जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० ह्याच खात्यातून जातात, दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. २० कापले गेले, शिल्लक ३१२. ४३६ कापले गेले नाहीत. म्हणजे अपघाताचे दोन लाख जिवंत, साध्या मृत्यूचे दोन लाख गेले, आणि पासबुकात ह्याची ओळ उमटत नाही, कारण न झालेल्या वजावटीची ओळ नसते. पुन्हा सामील होताना पहिले ३० दिवस अपघाताखेरीज मृत्यूला संरक्षण नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत सामील झालं तर वर्षाच्या उरलेल्या भागाचे २२८ रुपये पडतात. तेवढे भरून, संमतीपत्र पगाराच्या नव्या खात्यावर द्यायचं आणि २५ मेच्या आत तिथे ४५६ रुपये राहतील असं बघायचं. मग जुनं खातं बंद करायला हरकत नाही.